खून चालेल, शिवी नको

आमच्या तामसीत गेल्या डिसेंबरात एक खून आला. झाला नव्हे, आला. टपालानं. अमेरिकेतल्या एका बेकरीच्या मागच्या दारी पडलेलं प्रेत तीनशे पानांत व्यवस्थित गुंडाळून माझ्या चुलतबहिणीनं माझ्या भाचीसाठी पाठवलं. भाची सातवीत. वाचायला बसली की तिला जेवणाची शुद्ध नसते, म्हणून सगळ्या नातेवाइकांना तिच्या वाचनाची काळजी. ज्यांनी शाळा सुटल्यापासून पुस्तक हातात धरलेलं नाही त्यांना सर्वांत जास्त.

पुस्तकाच्या पाठीवर हमी छापलेली होती. आत शिवी नाही, रक्त नाही, दारू नाही, लग्नाआधी हात धरण्यापलीकडे काही नाही, घरातल्या लहानथोरांनी निर्धास्त वाचावं. मी हमी दोनदा वाचली. खुनाबद्दल अवाक्षर नव्हतं. पहिलं प्रकरण संपता संपता माणूस मेला. डोक्यात लाटणं बसून. पण रक्त नाही बरं का! एवढं जाडजूड लाटणं, एवढं गुळगुळीत टक्कल, आणि टिपूस नाही. मरणारासुद्धा घरंदाज.

पुस्तकाचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण हे एक पुस्तक नाही, साचा आहे. झाऱ्यातून बुंदी पडावी तशी ही पुस्तकं तिकडे पडतात. त्यांना म्हणतात 'कोझी मिस्टरी'. हा शब्द मराठी घराला अगदीच परका नाही. साहेबी थाटाच्या घरांत किटलीवर भरतकाम केलेली कापडी टोपी घालत, ती टीकोझी. तशीच ही प्रेतावर घातलेली टोपी. एक लहानसं गाव, गावात बेकरी नाहीतर विणकामाच्या लोकरीचं दुकान, ते चालवणारी एक चौकस बाई, बाईचं एक मांजर, आणि दर पुस्तकागणिक एक मुडदा. वीस पुस्तकांची मालिका झाली की दोनशे उंबऱ्यांच्या गावात वीस खून. तरी गाव 'शांत'. तरी तिथं घरं विकत घ्यायला लोक येतात. तामसीत वर्षाला दोन खून पडले असते तर पोरींच्या सोयरिकी जमल्या नसत्या.

या साच्याची एक ख्रिस्ती आवृत्ती आहे. 'गाइडपोस्ट्स' ही नॉर्मन व्हिन्सेंट पील यांनी 1945 साली काढलेली संस्था अशा मालिकाच्या मालिका छापते. हे पील म्हणजे सकारात्मक विचारांचे तेच पील, ज्यांची भाषांतरं आपल्याकडे एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर दाते पंचांगाशेजारी मांडलेली असतात. तेव्हा ही परंपरा समजून घ्या: प्रेताकडेसुद्धा सकारात्मक दृष्टीनं पाहायचं. ख्रिस्ती आवृत्तीत बेकरीवाली बाई दर रविवारी चर्चला जाते, मनातल्या मनात देवाशी बोलते, चर्चमधला एक देखणा विधुर तिच्याकडे सभ्यपणे पाहतो, आणि तपास अडला की ती प्रार्थना करते. प्रार्थना संपते न संपते तोच तिला आठवतं की त्या दिवशी माळ्याच्या बुटाला पांढरी माती होती. झालं. खुनी सापडला. मग शेवटी केळ्याच्या मफिनची कृती.

कृती खरंच असते. परिशिष्टात. दोन कप मैदा, तीन पिकलेली केळी, मूठभर अक्रोड. आपल्याकडच्या रहस्यकथांत असली सोय कधी झाली नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार लढला, काळा पहाड अंधारातून अवतरला, पण शेवटी थालीपीठ कसं लावायचं ते दोघांनीही सांगितलं नाही. बिचारे मागासलेले.

आता या पुस्तकावर आमच्या गावात जे झालं ते सांगतो.

आमचा मुलूख, म्हणजे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा, कसा आहे ते माहीत नसेल तर दोन ओळी. पाट्या तेलुगू, बाजार कापसाचा, घरात मराठी, शिवी दोन्हीत. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. मराठी पुस्तक हवं तर किनवट पार करून नांदेड गाठायचं. थंडी मात्र घरपोच: आदिलाबादचा पारा तेलंगणात बहुधा सर्वांत खाली उतरतो, आणि डिसेंबरात आम्हाला जी काही 'कोझी' लाभते ती शेकोटीची. अशा शेकोटीभोवती आम्हा चार-सहा वाचणाऱ्यांचं मंडळ जमतं. जागा एका निवृत्त गुरुजींची ओसरी. गावातल्या लेकरांना कोणती पुस्तकं द्यावीत हे तिथं ठरतं. लेकरांना अर्थातच कुणी बोलावत नाही.

गुरुजींनी पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं, मुखपृष्ठावरचा चर्चचा कळस आणि कळसाखालचं मांजर पाहिलं आणि निकाल दिला. "बाप्पा, हे बाटवायचं साधन आहे."

"वाचलंत का?"

"वाचायला कशाला पाहिजे? वासच येतो."

मंडळात एक टीचरम्मा आहेत. घरी तेलुगू, शाळेत इंग्रजी, आमच्याशी फर्मास मराठी. प्रॉटेस्टंट. मला वाटलं या तरी पुस्तकाची बाजू घेतील. त्यांनी चष्मा लावून मधलं एक पान वाचलं आणि त्यांचाच पारा चढला. "येशूला काय कामं नाहीत का? मफिन फुगू दे म्हणून प्रार्थना करते ही बाई! ह्यात ख्रिस्त नाहीच. ह्यात फक्त ओव्हन आहे."

म्हणजे पाहा. एकाला त्यात ख्रिस्त फार दिसला, दुसरीला दिसलाच नाही. दोघांचा निष्कर्ष मात्र एकच: लेकरांना देऊ नका. ठरलं असं की गुरुजींनी आठ दिवस पुस्तक तपासायचं, मग टीचरम्मांनी आठ दिवस, आणि मग निकाल. एवढ्या पोकळ पुस्तकाला पंधरवड्याची चौकशी समिती! गुरुजींच्या घरच्या काकूंनी सगळ्यांना चहा दिला. काकू बैठकीत कधी काही बोलत नाहीत. त्या नांदेडला बीए झाल्या आहेत, विषय इंग्रजी. पण लग्नाला चाळीस वर्षं झाल्यानं ही गोष्ट गुरुजींसकट सगळे विसरलेत.

त्या पंधरवड्यात समितीनं काय केलं ते शेवटी सांगेन. मी काय केलं ते आधी ऐका. मी विचार केला की हे पुस्तक मलाही आवडलं नाही, पण या दोघांच्या कारणांनी नाही. मग माझं कारण काय?

पहिलं म्हणजे बाटण्याचं. ख्रिस्ती मजकुरानं मराठी लेकरं बाटवायची यंत्रणा काय असते, हे आपण पाहिलेलं आहे. हरि केशवजींनी बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'चं 'यात्रिक क्रमण' केलं 1841 साली. पुढल्या वर्षी नगरहून 'ज्ञानोदय' निघाला. 1857 साली, सगळा हिंदुस्थान पेटलेला असताना, बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात ती हीच. तिचा हेतू धर्मप्रसाराचा होता, आणि तो पदमनजींनी लपवला नाही. पण त्या प्रचारकाच्या पोटात आग होती. विधवांचं केशवपन, उपासमार, छळ, हे सगळं तो माणूस नाव घेऊन सांगत होता. ती कादंबरी वाचून चिडता येत होतं, भांडता येत होतं, बाटताही आलं असतं. आता आमच्या मफिनवाल्या पुस्तकाकडे वळा. हे वाचून कोण बाटेल? फार तर मैद्याला बाटेल. ज्या धर्मानं रोमच्या सिंहांपुढे माणसं उभी केली त्याचं इथं उरलंय काय? रविवारी चांगले कपडे आणि ओव्हनचं तापमान. याला धर्मप्रसार म्हणणं हा मिशनऱ्यांचा अपमान आहे. त्यांनी आपल्याकडे येऊन निदान मोडी शिकून घेतली होती.

पण वासावरून पुस्तक ओळखण्याची ही विद्या आमच्या ओसरीपुरती आहे असं समजू नका. 2020 साली उस्मानाबादला (आता धाराशिव) 93 वं साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचा माणूस, संतवाङ्मय वाचलेला, 'सुबोध बायबल' लिहून साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळवलेला. काही संघटनांनी झगा पाहून हरकत घेतली. झग्याच्या आतल्या माणसाचं एक पान वाचलं असतं तर हरकतीला दुसरं काही शोधावं लागलं असतं. पण वाचणं हे कष्टाचं काम. वास फुकट.

आता टीचरम्मांच्या आक्षेपाकडे. तो मला अर्धा पटतो, म्हणून जास्त चावतो.

या ख्रिस्ती कोझीत देव काय करतो? देव पोलीसपाटलाचं काम करतो, तेही अर्धवट. त्याला खुनी ठाऊक आहे. सर्वज्ञ आहे म्हणे. पण तो खून थांबवत नाही, ठाणेदाराला सांगत नाही, खुद्द मयताला तर मुळीच नाही. तो वाट पाहतो. अडीचशे पानं. मग बेकरीवालीच्या कानात कुजबुजतो, "माळ्याचे बूट बघ." अहो, असा साक्षीदार कोर्टात उभा केला तर न्यायाधीश आधी त्यालाच आत टाकेल! माहिती दडवली म्हणून.

आणि गंमत अशी की ही पळवाट एका ख्रिस्ती पुरोहितानंच बंद करून ठेवली होती. रोनाल्ड नॉक्स. कॅथलिक पाद्री, पुढे सबंध बायबलचा इंग्रजी अनुवाद एकहाती करणारा पंडित, आणि फावल्या वेळात रहस्यकथा लिहिणारा. त्यानं 1929 साली रहस्यकथेच्या दहा आज्ञा सांगितल्या. मोशेची टिंगल आणि शिस्त दोन्ही एकदम. त्यांत स्पष्ट आहे की अलौकिक शक्तींना कथेत मज्जाव. शिवाय, शोध घेणाऱ्याला योगायोगानं मदत होता कामा नये, आणि त्याला कुठून तरी अचानक स्फुरलेलं खरंही ठरता कामा नये. पाद्री सांगतो, देवाला यात ओढू नका, डोकं चालवा. आणि बेकरीवाली? ती डोळे मिटते.

पाद्रीच कशाला, पाद्र्याचं पात्र घ्या. चेस्टरटनचा फादर ब्राउन. पहिल्याच गोष्टीत, 1910 साली, फ्लँबो नावाचा बिलंदर चोर पाद्र्याचा वेश घेऊन त्याच्यासोबत फिरतो आणि त्याच्याकडचा निळ्या खड्यांचा क्रूस लांबवू पाहतो. हा बुटका, छत्रीवाला, बावळट दिसणारा ब्राउन त्याला पकडतो. हा खरा पाद्री नाही हे त्यानं कसं ओळखलं? चोर भक्तिभावानं म्हणाला की बुद्धीच्या वर काहीतरी आहे. ब्राउननं ताडलं: बुद्धीवर घसरला, म्हणजे हा आमच्यातला नव्हे. खऱ्या पाद्र्याचं धर्मशास्त्र इतकं कच्चं नसतं. त्याच हिशेबानं ब्राउननं आमच्या बेकरीवालीला पहिल्या प्रार्थनेलाच पकडलं असतं. वेश घेतलेली!

या ब्राउनच्या जन्माची हकीकत चेस्टरटननं आत्मचरित्रात सांगितली आहे. जॉन ओ'कॉनर नावाचा पाद्री त्याचा मित्र. एकदा बोलता बोलता त्यानं गुन्हेगारीच्या अशा काही गलिच्छ गोष्टी सांगितल्या की चेस्टरटन हादरला. त्याच संध्याकाळी केंब्रिजचे दोन विद्यार्थी भेटले. पाद्री उठून गेल्यावर म्हणाले, माणूस विद्वान आहे, पण चार भिंतींत कोंडलेल्या याला जगातल्या वाईटाची काय कल्पना? चेस्टरटनला हसू आवरेना. जो रोज लोकांचे कबुलीजबाब ऐकतो त्याला वाईटाची कल्पना नाही म्हणे! तिथून फादर ब्राउन निघाला. पुढे त्यानं आपलं गुपित फोडलं ते असं: मी खुनी शोधत नाही, मी मनातल्या मनात खुनी होतो. मीही हे करू शकलो असतो, तिथपर्यंत पोचतो. याला म्हणतात ख्रिस्ती रहस्यकथा. माणूस जन्मतः पापी आहे हे त्या धर्माचं मूळ सूत्र. ते घेतलं तर गावातला प्रत्येक जण संशयित ठरतो, पाद्रीसकट, शोधणारीसकट. आमच्या मफिनपुराणात मात्र अख्खं गाव धुतल्या तांदळाचं आणि पाप एकट्या माळ्याला. तो बाहेरगावचा, चिडका, आणि चर्चला न जाणारा. मूळ पाप संपलं, उरला बाहेरचा माणूस. हे ख्रिस्ताचं नाही, हे कोणत्याही गावच्या चावडीवरचं तत्त्वज्ञान आहे. आमच्याही.

अगाथा ख्रिस्तीला उगाच या कोझीवाल्यांची आजी म्हणतात. 1930 सालच्या तिच्या कादंबरीत एका कर्नलचं प्रेत सापडतं ते खुद्द पाद्र्याच्या अभ्यासिकेत. गोष्ट सांगतो तोही पाद्रीच, आणि सुरुवातीलाच जेवताना तो बोलून जातो की या कर्नलचा कुणी खून केला तर जगावर उपकार होतील. आणि त्यातली शोध घेणारी मिस मार्पल! विणकाम करता करता ही म्हातारी प्रत्येकाबद्दल वाईटात वाईट तेच गृहीत धरते, आणि बरोबर ठरते. गोड आजी नव्हे ती, पाकात घोळलेला बिब्बा आहे.

"पण लेकरांसाठी, लेकरांसाठी!" गुरुजी मधेच ओरडतील. बरं. लेकरांसाठी.

गुरुजी दर श्रावणात आमच्या पोरांना पांडवप्रताप सांगतात. फार रंगून सांगतात. लाखेचं घर, आत माय आणि पाच लेकरं, बाहेर काडी घेऊन बसलेला पुरोचन. विदुराचा गूढ भाषेतला इशारा. भुयार. आणि पांडवांच्या जागी जळून गेलेली ती निषादी आणि तिची पाच मुलं, ज्यांच्याबद्दल श्रावणात कुणी प्रश्न विचारत नाही. मग कीचक. अंधारी नृत्यशाळा, बाईच्या वेशात भीम, आणि सकाळी हातपाय कुठले ते कळू नये असा मांसाचा गोळा. पोरं डोळे विस्फारून ऐकतात. रात्री स्वस्थ झोपतात. सोसलं नाही ते इंग्रज सरकारला: खाडिलकरांचं 'कीचकवध' 1907 साली रंगभूमीवर आलं आणि 1910 साली सरकारनं त्यावर बंदी घातली. का? तर प्रेक्षकांना कीचक कोण ते समजलं. कलेक्टरपासून गुरुजींपर्यंत सगळ्या पालकांची भीती हीच असते. लेकरू बिघडेल याची नव्हे. लेकराला समजेल याची.

आणि टीचरम्मांचं पवित्र शास्त्र? चौथ्या अध्यायाला पोचेपर्यंत भावानं भावाचा खून केलेला. देव विचारतो, तुझा भाऊ कुठे? काईन म्हणतो, मी काय त्याचा राखणदार? जगातली पहिली उलटतपासणी आणि पहिलं टोलवलेलं उत्तर. पुढे दावीद राजा दुसऱ्याच्या बायकोसाठी तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत मरायला धाडतो. कसा? सेनापतीला चिठ्ठी लिहितो, याला आघाडीवर ठेवा आणि मागे सरका. आणि ती चिठ्ठी पोचवायला देतो उरीयाच्याच हातात! मरणारा स्वतःचा मृत्युलेख घेऊन इमानानं चालत जातो. अर्नाळकर सोडा, अगाथालाही सुचलं नसतं. मग नाथान संदेष्टा येऊन राजाला एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो, राजा चवताळतो, आणि नाथान बोट रोखतो: तो माणूस तूच. ही बायबलची खुनी शोधायची रीत. खुनी बाहेरगावचा माळी नाही. खुनी देवाचा लाडका राजा.

कॅथलिकांच्या बायबलात तर चक्क दोन गुप्तहेरकथा आहेत. दानिएलाच्या पुस्तकाचे 13 वा आणि 14 वा अध्याय. एकीत दोन म्हातारे न्यायाधीश बागेत अंघोळ करणाऱ्या सुझानाकडे वखवखून बघतात, ती बधत नाही म्हटल्यावर तिच्यावरच व्यभिचाराची साक्ष देतात. दानिएल दोघांना वेगवेगळं उभं करून एकच विचारतो: कोणत्या झाडाखाली पाहिलंत? दोघांची झाडं वेगळी निघतात. दुसरीत बेल नावाची मूर्ती रोज ढीगभर अन्न खाते असा राजाचा समज. दानिएल रात्री देवळात राख पसरून ठेवतो. सकाळी राखेत पावलं. सत्तर पुजारी, त्यांच्या बायका, पोरं, सगळे चोरदारातून येऊन नैवेद्य चापत होते! डोरोथी सेयर्स, पाद्र्याचीच लेक, हिनं 1928 साली रहस्यकथांचा जाडजूड संग्रह काढला तेव्हा या दोन कथा आवर्जून घातल्या. दानिएल मफिन करत बसत नाही. राख आणतो.

मी हे टीचरम्मांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या बायबलात नाही ते." खरं आहे, प्रॉटेस्टंटांनी ते दोन्ही अध्याय बाहेर ठेवले. पण थांबून हळूच म्हणाल्या, "राखेचं परत एकदा सांगा."

तर हे माझं कारण. बाटवतं म्हणून नको, खून आहे म्हणून नको, असलं काही नाही. ते खोटं बोलतं, म्हणून नको. मरण आहे पण कुणी रडत नाही. मयताच्या बायकोला तिसऱ्या दिवशी बेकरीत कॉफी पाजून आपल्याला पुढे नेलं जातं. पाप आहे पण कुणाला टोचत नाही. देव आहे पण कुणाला त्याच्याशी भांडावंसं वाटत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. नवरा न सांगता ख्रिस्ती झालेला, ही बाई सोवळ्यात, आणि मग सोवळं-ओवळं आतून कसं गळत गेलं ते ती हसत, रडत, स्वतःची फजिती करत सांगते. सातवीच्या पोरीनं वाचावं असं ख्रिस्ती पुस्तक मराठीतच नव्वद वर्षं पडून आहे. त्यावर हमीची पट्टी नाही. त्यात लोक खरोखर मरतात, लक्ष्मीबाई खरोखर आक्रोश करतात, आणि चार पानांनी तुम्ही खदखदून हसता. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तरी काय? फुरसुंगीचा काटकुळा पोरगा. पण तो संकटात सापडला की खरोखर सापडतो, छातीत धडधडतं. भागवतांनी पोरांना कधी टीकोझीखाली ठेवलं नाही.

पंधरवडा संपला. समितीची बैठक बसली. गुरुजी म्हणाले, दहा पानांवर वाचवलं नाही. टीचरम्मा म्हणाल्या, माझी बारा. मग दोघांनी मिळून तोडगा काढला. हिंदू-ख्रिस्ती सामंजस्याचा इतका हृद्य प्रसंग मी आमच्या जिल्ह्यात दुसरा पाहिलेला नाही. तोडगा असा की मी पुस्तकाचा मराठी सारांश करून लेकरांना द्यावा; गुरुजींसाठी त्यातून खून आणि चर्च काढावं, टीचरम्मांसाठी मफिनच्या प्रार्थना काढाव्यात. मी विचारलं, उरलं काय? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. उरलं मांजर.

तेवढ्यात काकू बशा घेऊन आल्या. केळ्याचा केक. कुकरमध्ये वाळू घालून केलेला, वरून खमंग, आतून लुसलुशीत. गुरुजींनी तीन तुकडे खाल्ले. "हे नवीन काय काढलं?" म्हणाले, आणि उत्तर न ऐकता बालमनावरच्या संस्कारांकडे वळले.

भाची माझ्या शेजारी बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, ती पुस्तक परत घ्यायला आली होती. घरी येऊन तिनं ते पहिल्या रात्रीत संपवलं. सकाळी मी विचारलं, कसं वाटलं?

"मामा, माळी. तिसाव्या पानावरच कळलं. सगळे चर्चला जातात, तो एकटाच जात नाही." मग म्हणाली, "पण यात दुसरंच एक रहस्य आहे. हे बघ."

शेवटच्या पानांत बसचं तिकीट होतं. तामसी ते आदिलाबाद. तारीख पहिल्या आठवड्यातली, पुस्तक गुरुजींकडे होतं तेव्हाची.

"म्हणजे गुरुजींनी पुरं वाचलं!" मी खूश होऊन म्हणालो. पकडला!

"मामा, नीट बघ ना. झिरो टिकट आहे."

डिसेंबर 2023 पासून आमच्या राज्यात बायकांना सरकारी बस फुकट. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. गुरुजी सुटले. टीचरम्मांकडे तेव्हा पुस्तक पोचलंच नव्हतं. भाचीनं तिकीट उचललं. खाली परिशिष्ट होतं, कृतीचं पान, कोपऱ्यावर हळदीचा अंगठा. अक्रोड खोडून पेन्सिलीनं बारीक, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: शेंगदाणे, भाजून.